आधी अन्न, मग औषध

मंडळी, पेणहून गोव्याच्या रस्त्याला लागले आणि वडखळचा नाका मागे टाकला, की थोड्याच अंतरावर गडब हे गाव लागते. पेण तालुक्यातले, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले आणि १९८१ पासून, जिल्ह्याचे नाव बदलल्यावर, रायगड जिल्ह्यातले. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीकडची खारी जमीन आणि मधे भाताची शेते. या गावच्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचे उत्तर दिले. आजचे हे भाषण त्या चुकीची दुरुस्ती आहे असे समजा.

झाले असे. माझा विषय इतिहास. तेव्हा डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने माझ्याकडे यावे असे काही कारण नव्हते. पण तिचा थोरला भाऊ माझा विद्यार्थी. तो तिला घेऊन आला. मुलगी म्हणाली, "सर, मला डॉक्टर व्हायचंय. यंदा नीटच्या परीक्षेत गुण कमी पडले. घरची माणसं म्हणतात, एक वर्ष नुसता क्लास लाव. मला वाटतं, बी.एस्सी.ला नाव घालावं आणि पोषणशास्त्र घ्यावं. पुढे डॉक्टरकीला ते उपयोगी पडेल. पण आजी म्हणते, रांधायला शिकायला कॉलेजात कशाला जायचं? तुम्ही सांगा."

मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "आजीचं खरं आहे. वर्ष फुकट घालवू नकोस."

दोघे भावंडे चहा घेऊन निघून गेली. रात्री मात्र मला चैन पडेना. मुलगी काही उगाच विचारीत नव्हती. घरची शेती बेताची, वर्षाचा खर्च कर्ज काढून व्हायचा, आणि तिने विचारलेल्या गोष्टीची मला काडीइतकी माहिती नव्हती. मग इतिहासाचा माणूस जे करतो ते मी केले. जुनी कागदपत्रे काढली. अन्नाचा अभ्यास वैद्यकात केव्हा शिरला, कोणी शिरवला, आणि शिरण्याआधी किती माणसे मेली, हे वाचू लागलो. जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो. त्यातला बराच भाग तांदूळ, वाल आणि ताडाचे झाड यांच्याविषयी आहे, म्हणजे आपल्याच अंगणातला आहे.

आरंभी एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी पालक गैरसमज करून घ्यायचे. आपल्या देशात वैद्यकीय महाविद्यालयाची वाट बारावीनंतर नीटच्या परीक्षेतून जाते. बी.एस्सी. केल्याने ती परीक्षा चुकत नाही, आणि पोषणशास्त्राचे गुण तिथे धरले जात नाहीत. अमेरिकेत रीत निराळी आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग वैद्यकीय शिक्षण, त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी त्या चार वर्षांत पोषणशास्त्र शिकून घेतात. तेव्हा आपल्याकडे प्रश्न एवढाच उरतो, की ज्याला पुढे रोगी तपासायचे आहेत, त्याने आधी अन्न शिकले तर त्याच्या हाती काय लागते?

याचे पहिले उत्तर आपल्याला जावा बेटात मिळते, आणि तेही कोंबड्यांकडून.

गेल्याच्या आधीच्या शतकाच्या अखेरीस जावा बेट डचांच्या ताब्यात होते. तिथल्या शिपायांत आणि कैद्यांत बेरीबेरी नावाचा रोग माजला होता. पाय बधिर होत, चालता येईनासे होई, अंगावर सूज चढे आणि शेवटी हृदय बंद पडे. १८८६ साली डच सरकारने या रोगाचा जंतू शोधण्यासाठी डॉक्टर पाठवले. जंतूच का? कारण तो काळच तसा होता. पाश्चर आणि कॉख यांनी एकेका रोगाचे जंतू दाखवून दिले होते, आणि रोग म्हटला की त्याच्या मागे जंतू असणारच, अशी सर्वांची खात्री झाली होती.

या मंडळींत ख्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण डॉक्टर होता. बाकीचे परतले, तो बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, प्रयोगशाळा सांभाळीत राहिला. १८८९ साली त्याच्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. मान टाकायच्या, उभ्या राहीनात. बेरीबेरीसारखाच प्रकार. आणि काही महिन्यांनी, औषध न देता, त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले ते असे. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घालीत असत. पुढे आचारी बदलला. नवा आचारी नियमाचा पक्का. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही, असे त्याने बजावले. मग कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकट साधा तांदूळ घालू लागले, आणि त्या बऱ्या झाल्या.

आचाऱ्याच्या हट्टाने शास्त्राला वाट दाखवली! यावर फोर्डरमान नावाच्या अधिकाऱ्याने जावातले शंभरावर तुरुंग पाहिले आणि कुठे कोणता तांदूळ खातात याची नोंद केली. जिथे पांढरा सडलेला तांदूळ, तिथे सुमारे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. जिथे कोंड्यासकट तांदूळ, तिथे सुमारे दहा हजारांमागे एकाला. आइकमानला तरीही वाटत होते, की पांढऱ्या भातात काही विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याच्या जागी आलेल्या खेरिट ग्राइन्सने १९०१ साली नेमके सांगितले, की विष वगैरे काही नाही. सडताना तांदळातून काहीतरी निघून जाते, आणि ते नसल्याने माणूस मरतो.

मंडळी, हा विचार तेव्हाच्या डॉक्टरांना पचायला जड गेला. रोग म्हणजे शरीरात काहीतरी शिरणे, हे त्यांना ठाऊक होते. शरीरात काहीतरी न येणे हाही रोग असू शकतो, हे ठाऊक नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो. जे ताटातच नाही ते कोणत्या काचेखाली दिसणार? ते पाहायचे तर ताटाकडेच पाहावे लागते. १९१२ साली कासिमिर फुंक याने अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव सुचवले. आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणतो. तांदळाच्या कोंड्यातले ते सत्त्व, म्हणजे 'ब-१', १९२६ साली त्याच जावा बेटात शुद्ध स्वरूपात हाती आले.

आपल्याकडेही हा रोग होता, विशेषतः आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खात. दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ पासून त्यावर संशोधन चालवले. त्यातूनच पुढे मोठी पोषण प्रयोगशाळा उभी राहिली. ती १९५८ च्या सुमारास हैदराबादला गेली आणि आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. आपल्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाण्याची चाल आहे. भात तुसासकट उकडला, की कोंड्यातले हे सत्त्व दाण्यात मुरते आणि मग सडले तरी बरेचसे टिकते. ज्या कोण्या बाईने पहिल्यांदा भात उकडून वाळवला तिला ब-१ ठाऊक नव्हते. पण तिच्या नातवंडांचे पाय शाबूत राहिले.

आता या कथेला दुसरा एक माणूस येऊन मिळतो. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हा इंग्रज आधी रसायनशास्त्राचा माणूस, पदार्थांचे पृथक्करण करणारा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८८ साली, तो लंडनच्या गाय्ज इस्पितळाच्या वैद्यकीय शाळेत शिरला आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाला. म्हणजे बघा, आधी पदार्थ काय आहे हे शिकला आणि मग रोगी काय आहे हे शिकला. त्याने उंदरांना शुद्ध प्रथिने, शुद्ध स्निग्ध पदार्थ, शुद्ध पिष्ट आणि क्षार असे सगळे मोजून घातले. पुस्तकाप्रमाणे यात काही उणे नव्हते. पण उंदीर वाढेनात. त्यांना रोज थोडेसे दूध दिले, आणि ते वाढू लागले. दुधाचे प्रमाण इतके थोडे, की त्याने पोट भरले असे कोणी म्हणू शकत नव्हते. हा प्रयोग १९१२ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमान आणि हॉपकिन्स यांना मिळून देण्यात आले. हॉपकिन्सचे नाव ध्यानात ठेवा. त्याच्या प्रयोगशाळेच्या दारात आपल्याला पुन्हा जायचे आहे.

त्याआधी मुंबईला येऊ. साल १९२८. गिरण्यांची मुंबई. कुलाबा, रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेली माणसे चाळीच्या एकेका खोलीत राहत होती. या शहरातल्या गरीब गर्भवती बायकांत एक भयंकर रक्तक्षय आढळे. दिवस भरत येत, तशी बाई पांढरी पडत जाई, धाप लागे, आणि बाळंतपणात अनेकींचा जीव जाई. याचा शोध घेण्यासाठी ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचे काम चाले.

या बाईंचे शिक्षण कसे झाले ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात आधी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. वैद्यकीय शाळेत गेल्या त्या नंतर, आणि १९२० साली डॉक्टर झाल्या. मुंबईत आल्यावर जंतुसंसर्गाची शक्यता तर त्यांनी तपासलीच, पण त्याबरोबर गिरणीकामगारांच्या घरातल्या बायका काय खातात याचीही नीट नोंद केली. त्या जेवणात फळे, भाज्या, दूध जवळजवळ नव्हते. मग एकेक वस्तू देऊन पाहिली. अ जीवनसत्त्व दिले, उपयोग नाही. क जीवनसत्त्व दिले, उपयोग नाही. गरीब बायकांच्या जेवणासारखे अन्न माकडांना घातले, तर त्यांनाही तसाच रक्तक्षय झाला. अखेरीस एका माकडाला मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. विलायतेत तो पावाला लावून खातात. माकड सुधारले. मग तो अर्क आजारी बायकांना दिला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगात रक्त भरू लागले. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले.

यीस्टमधले हे द्रव्य कोणते, ते तेव्हा कळले नव्हते. कित्येक वर्षे त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले फोलिक अ‍ॅसिड. शिक्षकहो, शाळेत मुलामुलींना आठवड्याला जी निळी गोळी तुम्ही वाटता, आणि गावातल्या आशाताई गरोदर बायकांना ज्या लाल गोळ्या आणून देतात, त्यांत लोहाबरोबर असते ते हेच. पुढे १९९१ साली एका मोठ्या चाचणीत असेही सिद्ध झाले, की गर्भ राहण्याच्या आधीपासून आईला हे मिळाले, तर बाळाच्या पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष बहुतांशी टळतो. गोळी कडू लागते म्हणून मुली ती खिडकीतून टाकतात, हे मला माहीत आहे. त्यांना ती मुंबईची आहे हे सांगा. ती परळच्या इस्पितळांत पांढऱ्या पडलेल्या बायकांच्या खाटेपासून निघाली आहे हे सांगा. कदाचित खिडकीतून टाकणार नाहीत.

आता आपल्या माणसाकडे येतो. दुर्गाबाई भागवत यांचे नाव मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यांची धाकटी बहीण कमला. वडील रसायनशास्त्राचे, काकाही रसायनशास्त्राचे, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी वरच्या क्रमांकाने मिळवली आणि त्याच संस्थेकडे अर्ज केला. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई तडक त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारू लागल्या. शेवटी अट घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष ही नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, काम पटले तरच पुढचे बोलणे. अपमान गिळून त्या कामाला लागल्या. विषय घेतला दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिने. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर मुलींना संस्थेचे दार उघडले.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. कॉलेज कोणते? न्यूनम, जिथे ल्यूसी विल्स शिकल्या होत्या तेच. आणि प्रयोगशाळा कोणाची? हॉपकिन्सची. वनस्पतींच्या पेशी श्वास कसा घेतात यावर त्यांनी बटाट्यावर काम केले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. शास्त्रविषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. परदेशात राहण्याची संधी सोडून त्या परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. म्हणजे डॉक्टर होणाऱ्या मुलींना शरीरातले रसायन शिकवायला डॉक्टर नसलेली बाई! नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत, आणि १९४७ साली लग्नानंतर सोहोनी होऊन मुंबईच्या विज्ञानसंस्थेत.

तिथे त्यांनी हाती काय घेतले ते ऐकाल, तर गडबच्या आजींनाही नवल वाटेल. त्यांनी वाल घेतले! आपल्या रायगडात भात कापून झाले, की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या, की भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतात. सुकलेले वाल भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सोलतात आणि त्याचे बिरडे करतात. एवढा खटाटोप कशासाठी? चवीसाठी, असे आपण म्हणतो. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी दाखवले, की कच्च्या वालात एक असे द्रव्य असते, जे पोटातल्या ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसाला अडवून धरते. ट्रिप्सिन अडले की प्रथिने पचत नाहीत. दाण्यात प्रथिने भरपूर, पण कुलूप लावलेली. हे द्रव्य त्यांनी वालातून स्फटिकाच्या रूपात वेगळे काढले आणि १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात ते छापून आले. भिजवणे, मोड आणणे आणि मुख्य म्हणजे नीट शिजवणे, याने ते कुलूप बरेचसे निघते. आजीच्या बिरड्यात जी अक्कल होती, तिचा ताळा प्रयोगशाळेत जुळला.

नीरेवरचे त्यांचे कामही असेच. ताडामाडाचा पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेतली जीवनसत्त्वे आणि क्षार तपासले, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना तिचा कसा फायदा होतो ते पाहिले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी ग्राहकांसाठी संस्था काढली, तीतही त्या होत्या. भेसळ कशी ओळखावी हे गृहिणींना शिकवीत होत्या. १९९८ साली त्या वारल्या.

आणखी एका मराठी माणसाचे नाव घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. हे संख्याशास्त्रज्ञ. १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते होते. त्या वेळी जगभर ओरड होती, की गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे, तेव्हा प्रथिनांच्या भुकट्या पाठवा. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितले, की मुख्य दुष्काळ अन्नाचाच आहे. भाकरी-आमटी, भात-डाळ पोटभर मिळाली, तर प्रथिनेही बहुतेकांना पुरतात. पोट अर्धे राहिले, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. हे मी मुद्दाम सांगतो. कारण पोषणशास्त्र शिकलेला माणूस गरिबाच्या घरी जाऊन फळे खा, दूध प्या असा उपदेश करू लागला, तर तो शास्त्र शिकला नाही असे समजावे. ज्या घरात महिनाअखेर डबे वाजतात, तिथे आधी मजुरीचा आणि रेशनचा प्रश्न असतो. चांगला डॉक्टर तोही विचारतो.

आता या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? बेरीबेरीचा जंतू शोधायला गेलेले डॉक्टर हुशार नव्हते असे नाही. पण त्यांना शिकवले होते तेवढेच त्यांना दिसत होते. ज्यांना त्यापलीकडचे दिसले, त्यांच्यापैकी हॉपकिन्स आधी रसायनशास्त्रात रमलेला होता आणि ल्यूसी विल्स आधी झाडापानांत. कमलाबाई तर डॉक्टर नव्हत्याच. रोग्यासमोर बसण्यापूर्वी ही माणसे दुसरे काही नीट पाहायला शिकली होती. तीच सवय त्यांना कामी आली.

पोषणशास्त्र हा विषय अशी सवय लावतो. त्यात रांधणे फार थोडे. अन्न पचते कसे, रक्तात जाते कसे, यकृत त्याचे काय करते, हे शरीरशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र त्यात येते. तीच पाने पुढे वैद्यकाच्या पहिल्या वर्षी पुन्हा उघडावी लागतात. गर्भवतीला काय लागते, तान्ह्याला काय, म्हाताऱ्याला काय, हे येते. आणि घरोघर जाऊन काल काय खाल्ले हे विचारून लिहून घेणे येते. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. लोक खाल्लेले सांगत नाहीत, खावेसे वाटते ते सांगतात. न दुखावता खरे काढून घेणे, ही डॉक्टरची निम्मी विद्या आहे.

आणि आज तर त्याची गरज दोन्ही टोकांनी आहे. एकाच घरात नात रक्तक्षयाने फिकी आणि आजोबांना मधुमेह, हे चित्र आता गावोगावी दिसते. दोघांच्या गोळ्या निराळ्या, पण ताट एकच. ते ताट पाहिल्यावाचून दोघांचेही औषध पुरे होणार नाही. वैद्यकाच्या अभ्यासक्रमालाही हे पटू लागले आहे. अलीकडे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे नेमून देतात आणि त्यांच्या घरी पाठवतात. घरी गेल्यावर चुलीकडे पाहायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.

शिक्षकहो, तुम्हाला एक विनंती. इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या एखाद्या तासाला मुलांना एवढेच सांगा, की काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कोणी काय खाल्ले ते लिहून आणा. वर्गात मोठ्याने वाचू नका, कोणाच्या घरची गरिबी चव्हाट्यावर यायची. नुसते लिहू द्या. लिहिता लिहिता मुले आपोआप पाहू लागतील.

आता गडबच्या मुलीचे सांगतो. वाचून झाल्यावर मी तिच्या भावाला निरोप धाडला, की माझे उत्तर चुकले, बहिणीला घेऊन ये. ती आली. मी तिला हे सारे सांगितले. मग असेही म्हणालो, "बाळ, सीट मिळेल असा शब्द मी देऊ शकत नाही. तुझ्या घरच्यांची चिंता खोटी नाही. एवढं मात्र सांगतो, की हा विषय शिकून तू डॉक्टर झालीस तर डोळस होशील, आणि नाही झालीस तरी हात रिकामे राहणार नाहीत. आहारतज्ज्ञ म्हणून काम करता येईल, संशोधन करता येईल, शिकवता येईल."

ती हसली आणि पिशवीतून एक वही काढली. माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने आळीतल्या बारा घरांतले एका दिवसाचे जेवण लिहून आणले होते. तांदूळ किती शिजला, कालवणात काय होते, मासळी होती का, भाजी होती का, कोण कधी जेवले. मी पाने उलटीत होतो. ती म्हणाली, "सर, एक गोष्ट सगळीकडे सारखीच आली. घरातली बाई शेवटी जेवते, आणि तिच्या पुढे 'काय उरलं ते' असं लिहावं लागतं. त्याचं माप कसं घ्यायचं?"

मला उत्तर आले नाही. मी तिला म्हटले, "हाच प्रश्न घेऊन कॉलेजात जा." तिने बी.एस्सी.ला नाव घातले आहे, नीटचा अभ्यासही चालू आहे. आजीने अजून संमती दिलेली नाही. पण वालाचे ऐकल्यापासून ती नातीला बिरड्याचे मोड किती तासांनी येतात ते सांगू लागली आहे, आणि नात ते वहीत लिहून घेते.